डब्यांची सीट

"पुरी नको," गुळवणी सर म्हणाले. "पुरीनं माणूस सुस्तावतो."

"मग थालीपीठ?" कुणीतरी विचारलं.

"थालीपीठ गार झालं की चामडं होतं," माझे सासरे म्हणाले. "आणि गारच खायचं असतं तर घरी बसलो नसतो का?"

मी तिसऱ्यांदा चहाचा ट्रे घेऊन व्हरांड्यात उभी होते आणि पुरीपासून थालीपिठापर्यंत यायला मंडळींना दोन चहा लागले होते. लग्न होऊन मी साताऱ्याला आले त्याला जेमतेम चार महिने झाले होते. माझं माहेर नाशिकचं. इथं सासऱ्यांना मामा म्हणायचं आणि सासूला आत्ती, हे मी नुकतीच शिकले होते. सासरी प्रश्न विचारायचे नसतात, हे अजून शिकायचं होतं.

मामा म्हणजे श्रीपतराव कणसे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. निवृत्तीच्या कितीतरी आधी त्यांनी 'चालते व्हा मंडळ' स्थापन केलं होतं आणि तेव्हापासून तेच त्याचे अध्यक्ष होते. नावातली गंमत कुणाच्या लक्षात आली नव्हती, आणि आली असली तरी ती मामांना सांगायची कुणाची छाती नव्हती. रोज सकाळी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत चालायचं आणि उतरताना मिसळ खायची, असा मंडळाचा व्यायाम होता. रविवारी बागेत फेऱ्या मारायच्या आणि नंतर हिरवळीवर बसून खायचं. आणि वर्षातून एकदा, फुलं आली की, कासच्या पठारावर मोठी पदयात्रा. पेट्रीच्या पुढपर्यंत मॅटॅडोर, तिथून पायी. या यात्रेत काय खायचं, यासाठी गणपती उठले की आमच्या व्हरांड्यात बैठका बसत.

"बागेतलं खाणं आणि वाटेवरचं खाणं यात गल्लत करू नका," गुळवणी सर सांगत होते. ते शाळेत विज्ञान शिकवायचे आणि समोर चार माणसं बसली की त्यांना अजून फळा दिसायचा. "बागेत माणूस दोन फेऱ्या मारतो आणि बसतो. तिथं भेळ चालेल, वडे चालतील. लांब चालायचं तर पोट हलकं हवं आणि अंगात दम हवा."

सगळ्यांना हे पटलं. पोट हलकं राहावं म्हणून मग मटकीची उसळ ठरली. उसळ आली म्हणून पुरी परत आली. दम हवा म्हणून शिरा आला. कोथिंबीर वडी कशासाठी आली ते कुणी सांगितलं नाही. ओसवालशेठ जैन होते, कांदा-लसूण-बटाटा खात नसत. बिचारे एक अक्षर बोलले नाहीत, पण त्यांच्यासाठी पडवळाची वेगळी भाजी वाढली.

"आणि सगळं गरम हं," मामा म्हणाले. "दमल्यावर पोटात गरम घास पडला पाहिजे. शिळं माझ्या मंडळात चालायचं नाही."

"डझनभर माणसांचं एवढं करणार कोण?" मी विचारलं.

सगळ्यांनी मामांकडं पाहिलं. मग मामा हसून म्हणाले, "इंदू करील की. तिला हौसच आहे."

इंदू म्हणजे आत्ती. स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं, पण तिकडं कुणी पाहिलं नाही. मी कप गोळा करता करता विषय बदलावा म्हणून विचारलं, "मामा, कास कसं असतं हो?"

"कास?" त्यांनी डोळे मिटले. "नुसती फुलंच फुलं. बघतच राहावं."

"कुठल्या रंगाची?"

"सगळ्या," मामा म्हणाले आणि त्यांनी हात एकदा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरवला. "ते सांगून कळायचं नाही सूनबाई. डोळ्यांनीच बघावं लागतं."

आत आत्ती मटकी निवडत बसल्या होत्या. मी त्यांनाही तेच विचारलं.

"मला काय विचारतीस?" ताटातला खडा बाजूला टाकत त्या म्हणाल्या. "डब्याला विचार. दरसाल त्योच जातोय."

मला आधी हसू आलं. मग त्या हसत नाहीत हे दिसलं.

"म्हणजे तुम्ही कधी गेलाच नाहीत?"

"कवा जाणार? पहाटं उठायचं, मटकीला फोडणी, पुऱ्या लाटा, तळा. सगळं गरम पायजे म्हंजे आदल्या दिवशी करून भागत न्हाई. पातेली बांधून होईस्तवर दारात भोंगा वाजतो. मी अशी घामानं भिजलेली, डोक्याला पीठ लागलेलं. आणि तुझे मामा बूट घालून उंबऱ्यावर उभं राहून इचारत्यात, 'येतीस का गं तू पण?'"

"दरवर्षी?"

"एक साल चुकलं न्हाई," आत्ती म्हणाल्या. "माणूस शब्दाचा पक्का हाय."

आणि समजा एखाद्या वर्षी त्या हो म्हणाल्या असत्या, तरी जागा नव्हती. मॅटॅडोरमधली सगळ्यांत मागची दोघांची सीट पातेल्यांसाठी राखीव असायची. एकीकडं उसळ, एकीकडं पुऱ्यांचा डबा, मध्ये शिऱ्याला टेकू. मंडळात तिला डब्यांची सीट असंच म्हणत.

आत्ती माण तालुक्यातल्या. "आमच्याकडं फूल म्हंजे बाभळीचं," त्यांनी सांगितलं. "लग्न ठरलं तवा चुलता म्हणाला, नशीबवान हायस, सातारच्या डोंगरावर फुलांचा गालिचा असतोय. तवापासनं एकदा बघायचं मनात हाय बघ." मग त्यांनी गुडघा चोळला. "डॉक्टर म्हणतोय, एखादं साल चढ-उतार जमंल. मग बंद."

गोष्ट अशी होती. पठार घरापासून एका सकाळच्या अंतरावर, बाईला एकदा ते बघायचंय, आणि मध्ये काय आडवं आलंय तर उसळ.

"आत्ती, गरमच नसलं तर?" मी म्हटलं. "आदल्या दिवशी करून ठेवता येईल असं काही?"

त्यांचे हात थांबले. "माझी आई जेजुरीला पायी जायची. तवा दशम्या बांधून न्यायची. दुधात भिजवलेलं पीठ, पाण्याचा थेंब न्हाई. तीन-तीन दिस काय व्हायचं न्हाई त्यांना. फडक्यात बांधायचं, खांद्याला अडकवायचं. पातेलं न्हाई नि सीट न्हाई."

"मग मामांना सांगा ना तसं."

"मी सांगितलं तर म्हणतील, कंटाळा आलाय हिला. तू शिकलेलीस, तू सांग. तू सांगितलंस की शास्त्र हुईल." मी निघाले तशी त्यांनी मागून हाक मारली. "आणि नुसतं शास्त्र नगं सांगू. त्यांचंच मत हाय म्हणून सांग."

माझी पदवी गृहविज्ञानातली होती. तीन वर्षांत जे कुणी शिकवलं नाही ते आत्तींनी मटकी निवडता निवडता शिकवलं.

पुढच्या बैठकीला मी चहा ठेवला आणि म्हटलं, "मामा, तुम्ही परवा म्हणालात ते मला फार पटलं."

"काय म्हणालो मी?"

"हेच की, चालणाऱ्या माणसानं आपली शिदोरी आपल्या खांद्यावर न्यावी."

मामांनी आठवून पाहिलं. असलं काही ते जन्मात बोलले नव्हते. पण वाक्य चांगलं होतं आणि ते हातचं जाऊ देणं त्यांच्या जिवावर आलं.

"म्हणालो खरा," ते म्हणाले. "माझं पहिल्यापासून तेच मत आहे."

"म्हणून मला वाटलं, तुमच्या मनात दशमी असणार."

"दशमीच!" मामा मांडीवर थाप मारून म्हणाले. "दुसरं काय? पूर्वी स्वाऱ्या निघायच्या त्या काय पातेली घेऊन? घोड्यावर बसून दशमी खायचे लोक. आपण मात्र डोंगरावर जाऊन पुऱ्या तळल्यासारखं करतो. लाज वाटली पाहिजे आपल्याला."

"पण श्रीपतराव, शिळं?" कुणीतरी भीत भीत विचारलं.

"दशमी शिळी होत नसते, मुरते," मामांनी निकाल दिला.

गुळवणी सरांनी लगेच खडू उचलला, म्हणजे बोट उचललं. दुधातल्या स्निग्धांशामुळं पिठातला ओलावा कसा टिकतो आणि चालताना तो स्नायूंना कसा उपयोगी पडतो, हे त्यांनी इतकं छान समजावलं की मलाही पटलं. गेल्या बैठकीत याच बोटानं त्यांनी मटकीचं समर्थन केलं होतं. दशमी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, वर एकेक काकडी, असं ठरलं. ओसवालशेठ पहिल्यांदा तोंड उघडून म्हणाले, "आमच्यात तर प्रवासाला खाखराच नेतात. मी दर वर्षी सांगतो." त्यांनी सांगितलेलं कुणाला आठवत नव्हतं.

दुपारी मंडळी गेल्यावर मी आणि आत्ती स्वयंपाकघरात चोरासारख्या हसलो. उसळ गेली, पुऱ्या गेल्या, डब्यांची सीट मोकळी झाली. आत्तींनी त्याच दिवशी फळीवरून एक खोकं काढलं. त्यात संग्रामचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे, शाळेतले पीटीचे पांढरे बूट होते. त्यांनी पाय घालून पाहिले. बरोब्बर बसले. मग त्यांनी ते खडूनं पांढरे केले आणि पुन्हा खोक्यात ठेवले.

पदयात्रेच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी दशम्या करत होतो. आत्ती थापत होत्या, मी फडकी कापत होते. संध्याकाळी मामा आत आले ते फार खुशीत.

"सूनबाई, तुझ्यासाठी बातमी आहे. शिदोरी खांद्यावर न्यायची म्हटल्यावर मागची सीट मोकळी झाली. म्हटलं, दोन जागा आहेत, तुला आणि संग्रामला न्यावं. नव्या सुनेला कास दाखवायचं."

माझ्या हातातली कात्री तशीच राहिली. "आणि आत्ती?"

"ती कुठली येतीय!" मामा म्हणाले. "मी दर वर्षी विचारतो. कायम नाहीच म्हणते. तिला घरातनं पाय काढवत नाही, काय गं?"

तव्यावरची दशमी करपली. त्यांच्या हातून काही करपलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. मामा वास घेऊन "लक्ष कुठाय तुझं" म्हणाले आणि बाहेर गेले.

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. मामांचा राग, आणि त्याहून माझा स्वतःचा. मी दुसऱ्यासाठी भांडून मिळवलेल्या जागेवर मलाच बसवलं होतं.

"मी नाही जाणार," मी म्हटलं.

"खुळी का काय?" आत्ती करपलेली दशमी बाजूला ठेवत म्हणाल्या. "जा तू. नीट बघ नि मला येऊन सांग. डब्यापरीस तू बरी. तुला तोंड तरी हाय."

उरलेल्या दशम्या करून आम्ही गाठोडी बांधली.

सकाळी दारात भोंगा वाजला. मंडळातली सगळी डोकी मॅटॅडोरच्या खिडक्यांतून बाहेर आली होती. मामांनी सगळ्यांना एकेक गाठोडं वाटलं आणि खांद्याला कसं अडकवायचं ते स्वतः अडकवून दाखवलं. संग्राम डोळे चोळत मागच्या सीटवर जाऊन बसला. मी पायरीवर रेंगाळत होते. मामा बुटांच्या नाड्या बांधून उंबऱ्यावर उभे राहिले आणि घराच्या आतल्या अंधाराकडं तोंड करून, गाडीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "इंदू, येतीस का गं तू पण?"

आणि उत्तराची वाट न बघता वळले.

"चला," आत्ती म्हणाल्या.

दारात त्या उभ्या होत्या. धुवट नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, खांद्याला गाठोडं, आणि पायांत पांढरेशुभ्र पीटीचे बूट. आतल्या खिडक्या लावलेल्या होत्या. कुलूप त्यांच्या हातात होतं.

"अं?" मामा म्हणाले.

"तुम्ही इचारलंत. म्हणलं, एवढं इचारताय तर येते."

"हो, पण... जागा..."

"जागा बघूनच इचारलं असंल की तुम्ही," आत्ती म्हणाल्या.

मॅटॅडोरमध्ये कुणीतरी खोकलं. मामा माझ्याकडं पाहायला लागले, मी संग्रामकडं. संग्राम ताडकन उठला. "आई, तू बस माझ्या जागेवर," असं म्हणून त्यानं तिच्या हातातलं कुलूप घेतलं आणि आम्ही गाडीत चढेपर्यंत तो घरात दिसेनासाही झाला होता. हे आईवरच्या प्रेमापोटी की झोपेवरच्या, ते मी अजून त्याला विचारलेलं नाही.

दोन पातेली बसायची तिथं आम्ही दोन बायका ऐसपैस बसलो.

पेट्रीच्या पुढं गाडीनं आम्हाला सोडलं आणि ती नेहमीच्या जागी थांबायला पुढं निघून गेली. हवेत गारवा होता, धुकं रस्त्याच्या कडेला बसून होतं. मंडळ झपाझप चालायला लागलं. गाठोडी खांद्यावर हेलकावे खात होती आणि मामा मधूनमधून 'आपली शिदोरी आपल्या खांद्यावर' असं म्हणत होते.

पहिल्या चढाला गुळवणी सर थांबले. "इंदूवहिनी, जरा धरता का? नाडी सुटलीय." आत्तींनी गाठोडं धरलं. नाडी बांधून झाल्यावर सर पुढं गेले ते गेलेच. मग कुणाला छत्री उघडायची होती, कुणाला दम लागला होता, कुणाची गाठ खांद्याला रुतत होती. "वहिनी, जरा धरा हं." शेवटी मामा आले. "इंदू, हे जरा धर. मला सगळ्यांवर लक्ष ठेवायचं असतं." निम्म्या वाटेतच डझनभर माणसांचं जेवण आम्हा दोघींच्या खांद्यावर होतं, आणि मंडळाचे हात मोकळे होते. फक्त ओसवालशेठ आपला खाखरा आपणच घेऊन चालत होते.

"आत्ती, हे काय चाललंय?" मी दातओठ खात म्हटलं.

"असू दे," आत्ती म्हणाल्या. गुडघ्यावर हात ठेवून त्या एकेक पाऊल टाकत होत्या, पण तोंडावर काही नव्हतं. "ओझ्याची सवय हाय मला. वाटंची न्हवती."

एक ओढा आला. कडेला सपाट जागा होती, आपली मॅटॅडोर तिथंच वळवून उभी केलेली. मंडळी तिथं घुसली. कुणी सतरंजी काढली, कुणी पाण्यात पाय सोडले. अजून नीट ऊनही आलं नव्हतं.

"हं, आलं कास," मामा म्हणाले आणि टेकले.

आत्तींनी चारी बाजूंना पाहिलं. ओढा, करवंदीच्या जाळ्या, गवत, गवतात दोनचार पिवळी फुलं.

"फुलं कुठायत?"

"ही काय," गुळवणी सर गवताकडं हात करून म्हणाले.

"एवढीच?"

"पुढं सगळं असंच आहे," मामा म्हणाले. "बस आता. भूक लागली असेल सगळ्यांना. काढ दशम्या."

तेवढ्यात डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी रस्त्यानं आली. तिच्या मागं तीन कुत्री होती. ती सरळ सतरंजीपाशी येऊन शेपट्या हलवत बसली, ओळखीच्या घरी बसावं तशी.

"आजी, कास हेच का?" मी विचारलं.

"ह्ये?" म्हातारी हसली. "ह्यो ओढा हाय बाई. पठार वर, त्या वळणाच्या पल्याड. लई काय लांब न्हाई." मग तिनं मंडळाकडं पाहिलं आणि तिला ओळख पटली. "ही मानसं व्हय! ही दरसाल हितंच जेवत्यात, झोपत्यात नि माघारी जात्यात. आमच्या कुत्र्यांनाबी म्हाईत झालंय."

गुळवणी सर पाण्यात काहीतरी शोधायला लागले.

"म्हंजे तुम्ही वर गेलाच न्हाई?" आत्तींनी मामांना विचारलं. "कवाच?"

"अगं, अन्न गरम असायचं," मामा म्हणाले. "गार होईल म्हणून इथंच थांबायचो. म्हटलं, जेवून वर जाऊ. मग जेवल्यावर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. उसळ, पुऱ्या आणि वर शिरा खाल्ल्यावर पुढं काय होतं ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. सर म्हणालेच होते, पुरीनं माणूस सुस्तावतो.

आत्तींनी गाठोडी पुन्हा खांद्यावर घेतली. "आज काय गार व्हायचं हाय?" त्या म्हणाल्या आणि वळणाच्या दिशेनं चालायला लागल्या.

मी त्यांच्या मागं निघाले. क्षणभर मागं काहीच हालचाल झाली नाही. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की चाललंय ते आपलं जेवण. एकेक जण उठला. कुणी कुरकुरत, कुणी बूट हातात घेऊन. चालते व्हा मंडळ त्या दिवशी पहिल्यांदा खरंखुरं चाललं, ते दशम्यांच्या मागं. कुत्रीही आली.

वळण संपलं, चढ संपला आणि जमीन एकदम सपाट झाली.

मामांनी व्हरांड्यात हात फिरवला होता तेवढंच ते होतं, आणि त्याहून फार जास्त होतं. काळ्या कातळावर बोटभर माती, आणि त्या मातीत घोट्याएवढी फुलं, नजर पोचेल तिथपर्यंत. जांभळी, इतकी बारीक की एकटं फूल दिसूही नये. मध्ये गुलाबी तेरड्याचे पट्टे. पांढरे गेंद, शर्टाच्या गुंड्यांसारखे. वरून धुकं सरकत होतं, त्यामुळं रंग झाकायचे आणि पुन्हा उघडायचे. आता तिथं तारेचं कुंपण आहे, तिकीट आहे, शिट्टी वाजवणारी माणसं आहेत. तेव्हा काही नव्हतं. नुसता वारा होता.

आत्तींनी गाठोडी खाली ठेवली. पीटीचे बूट काढले. एका दगडावर बसल्या आणि खाली वाकून, फुलाला हात न लावता, किती तरी वेळ बघत राहिल्या. मी त्यांचे बूट उचलून दगडापाशी ठेवले.

मामा धापा टाकत आले. ते उभेच राहिले. बऱ्याच वेळानं आत्तींच्या जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "इंदू, मला वाटायचं, वरही त्या ओढ्यासारखंच असणार."

"आणि मला वाटायचं, तुम्ही हे बघून येताय," आत्ती म्हणाल्या. त्या वर न बघताच बोलत होत्या. "म्हणून पहाटं उठायला काय वाटायचं न्हाई. म्हणलं, आपण न्हाई तर न्हाई, घरातलं एक माणूस तरी बघतंय."

मामांनी टोपी काढली. नंतर ती कुठं ठेवावी ते त्यांना कळेना.

मंडळी एव्हाना गोळा झाली होती आणि सवयीनं गोल करून, हात धुऊन, वाढण्याची वाट बघत बसली होती. आत्तींनी एक गाठोडं सोडलं. दशमीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि स्वतःच्या तोंडात घातला. नीट चावून खाल्ला.

"चांगली झालीया की," त्या मला म्हणाल्या. आणि मग त्या गोलाकडं बघून, "बाकीची गाठोडी तिथं हायत. ज्याची त्यानं घ्या."

गाठोडी सगळी सारखीच होती. आपलं कोणतं यावर मंडळात बरीच चर्चा झाली. गुळवणी सरांनी त्यातही काही तत्त्व सांगितलं, पण ओसवालशेठांचा खाखरा तोवर निम्मा संपला होता.

संध्याकाळी आम्ही घरी पोचलो तेव्हा आत्तींचा गुडघा चांगलाच सुजला होता. मी त्यांना पायरीवर बसवून गरम पाण्याची बादली आणून दिली. मामा व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले होते. बैठका घेताना बसायचे त्याच खुर्चीत. शेजारच्या मोहिते वहिनी फाटकातूनच ओरडल्या, "काय भाऊजी, कसं होतं यंदाचं कास?"

मी मामांकडं पाहिलं. हात खुर्चीवरून थोडा उचलला गेला होता, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायला. तो तिथंच थांबला.

"मला काय विचारता?" ते म्हणाले. "इंदूला विचारा."

मोहिते वहिनींना वाटलं चेष्टा चाललीय. "अगं बाई, गेली होतीस तू? कसं असतं गं?"

आत्तींनी बादलीतल्या पाण्यात पाय हलवले. आता त्या सगळं सांगतील असं मला वाटलं, ओढा, कुत्री, सगळं. मामांनाही तेच वाटलं असावं. ते खुर्चीत आखडून बसले होते.

आत्तींनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं.

"हे सांगत्यात तसंच हाय की," त्या म्हणाल्या. "नुसती फुलंच फुलं. बघतच राहावं."